पूजेआधीचा घास

माझी एक मैत्रीण बार्शीला दिली आहे. तिच्या सासूबाईंना अलीकडे घरातली माणसं ओळखू येईनाशी झाली आहेत. तिनं विचारलं, "तुझ्या वडिलांचं तू कसं निभावलंस ते लिहून कळव, इथं मला कुणी काही सांगत नाही." तिच्यासाठी लिहायला बसले आणि वाटलं, असं घर तिचं एकटीचं थोडंच असणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते. निभावलं हा शब्द मात्र तिचा. मी लांब होते. निभावलं ते माझ्या भावजयीनं.

औषध सापडेल या आशेनं कुणी वाचत असेल, तर ते माझ्याजवळ नाही. अप्पा गेल्या माघात गेले. बरे होऊन कुणी परत आल्याचं मी ऐकलेलं नाही. पण आपल्यासारखंच दुसऱ्याच्या घरी झालं होतं एवढं कळलं तरी रात्री झोप लागते, हे मी अनुभवानं सांगते.

*

माझं माहेर सोलापूरचं. पेठेत अप्पांचं भुसाराचं दुकान. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. आई मी लहान असतानाच गेली. धाकटा भाऊ मल्लू आणि त्याची बायको काशी अप्पांजवळ राहत. आमचे हे रेल्वेत तारबाबू, केमच्या स्टेशनावर. स्टेशनाला लागून चाळ आहे, तिथं आम्ही, दोन मुलं आणि सासूबाई. केमहून सकाळच्या गाडीनं निघालं की जेवणवेळेला सोलापूर. पण संसारी बाईला तेवढं अंतरही विलायतेइतकं असतं. मूल आजारी, सासूबाईंचे गुडघे, यांची रात्रपाळी. गाडी रोज दारावरून जायची आणि मी तिच्याकडे बघत भांडी घासायची.

आमची रीत ज्यांना माहीत नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात पुरुषाच्याच काय, बाईच्याही गळ्यात इष्टलिंग असतं. चांदीच्या डबीत, छातीशी. सकाळी अंघोळ करायची, भस्म लावायचं, लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याला बेल वाहायचा, आणि मगच तोंडात घास. आजकाल पुष्कळजण हे उरकून टाकतात. अप्पांनी कधी उरकलं नाही. ताप असो, प्रवास असो, दारात लग्नाचं वऱ्हाड उभं असो, पूजेआधी पाण्याचा थेंबही नाही. मला लिंग हातावर कसं धरायचं ते त्यांनीच शिकवलं. मी लहान असताना घाई केली की म्हणायचे, "त्येला बगू दे की तुला जरा."

*

पहिल्यांदा लक्षात आलं ते केमलाच. अप्पा चार दिवस राहायला आले होते. सकाळी अंघोळ, पूजा, भाकरी सगळं झालं. मी धुणं वाळत घालून आत येते तो पंचा खांद्यावर टाकून उभे.

"शांते, पानी तापलं का गं? पूजा आगिल्ल." म्हणजे पूजा झाली नाही.

मी चेष्टा केली. "अप्पा, किती छळता शिवाला? त्यालाही दुसरी घरं आहेत."

ते हसले नाहीत. माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मीच खोटं बोलतेय. मी मुकाट्यानं पाणी तापवलं. सासूबाई म्हणाल्या, "साठी बुद्धी नाठी." मीही तेच मनात धरून गप्प बसले, कारण ते सोपं होतं.

मग मल्लूचे निरोप येऊ लागले. अप्पा दुकान उघडायला निघाले आणि लांब भुईकोटापाशी सापडले. अप्पांनी एकाच गिऱ्हाईकाला तीच ज्वारी दोनदा मोजून दिली. अप्पांनी काशीला विचारलं, "तू कुणाची?" शेजाऱ्यांनी करणीची शंका काढली, कुणी लिंबू उतरून टाकायला सांगितलं. मल्लूनं तेही केलं. मी त्याला हसणार होते, पण त्याच्या जागी असते तर मीही लिंबू उतरवलं असतं.

*

शेवटी मी गेले आणि आम्ही दोघांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयानं पोक्त होते, घाई नव्हती. नाडी पाहिली, डोळे पाहिले, चालायला लावलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "आजोबा, या कोण?"

अप्पा गोड हसले. "आता आसं बगा डाक्टरसायेब, आपल्या मानसाला कुनी नावानं वळखतंय व्हय?"

डॉक्टर हसले, मल्लू हसला, मीही हसले. इतकं तयार उत्तर ऐकून मला वाटलं, काही झालेलं नाही यांना. डॉक्टरांनी मल्लूचं नाव विचारलं तेव्हाही तेच उत्तर आलं. तेव्हा कुणी हसलं नाही.

अप्पांना बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टर आमच्याशी बोलले. मेंदू झिजत चालला आहे, याला औषध नाही, एकेक गोष्ट जात राहील. "अंगकाठी मात्र काटक आहे," म्हणाले. "ती सांभाळा. पोटात अन्न जातंय तोवर तुम्ही जिंकताय असं समजा."

बाहेर आलो तर अप्पा बाकावर नीट बसून होते, हातात टोपी, एखाद्या मुलीला बघायला आल्यासारखे. मला रडू आलं नाही. डॉक्टरांनी धरायला एक दोरी दिली होती, ती मी घट्ट धरली. पोटात अन्न गेलं पाहिजे. पुढचं सगळं वर्ष मी, मल्लू आणि काशी या एकाच गोष्टीसाठी झगडलो.

*

मी त्यांना केमला का नेलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. नेलं होतं. यांनीच आपण होऊन म्हटलं, घेऊन ये. अप्पा रमलेही होते जरासे. मुलांशी गोट्या खेळत. पण आमच्या दारापुढून रूळ जातात. एके दिवशी दुपारी मी दळणाला बसले आणि ते निघाले. रुळांमधून, लाकडी स्लीपरांवर पाय टाकत, सरळ सोलापूरच्या दिशेनं. लाइनवरच्या गँगमननं त्यांना पाहिलं, हाताला धरून परत आणलं. "म्हातारबा म्हनत्यात दुकान उगडायचंय," तो म्हणाला. त्यानंतर थोड्याच वेळानं मालगाडी धडधडत गेली. मीच गाठोडं बांधायला घेतलं.

माहेरी पोचवून निघताना काशी दारात उभी होती. तिच्या तोंडावर काय लिहिलेलं होतं ते मला वाचता आलं. मी नजर चुकवली.

*

मग खाण्याचं सुरू झालं. अप्पा पूजा करत, लिंग डबीत ठेवत, उठत. काशी ताट वाढून आणेपर्यंत पूजा केल्याचं त्यांच्या मनातून पुसून गेलेलं असे. ताट बघून ते मागे सरत. "पूजा आगिल्ल. न्हेऊन ठिव."

"झाली की मामंजी, आत्ताच केलीसा."

"खोटं बोलू नगंस."

पुन्हा अंघोळ. पुन्हा पूजा. पुन्हा ताट येईपर्यंत विसर. विसराळू माणूस निदान आपलं ऐकेल असं वाटतं, तसं नसतं. बाकी सगळं गेलं होतं, पण पूजेआधी खायचं नाही हे पक्कं होतं. जेवायचे नाहीत म्हणून गळत चालले, आणि पुन्हा पुन्हा अंघोळ करून थंडीत त्यांना खोकला धरला. खोकल्याचा ताप झाला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

ते दिवस मी तिथं होते. सकाळी फिनेलचा वास, मग कंपाउंडरची फेरी, मग दुधाचं भांडं. अप्पा दुधाला तोंड लावत नसत. तिथली एक ख्रिस्ती नर्सबाई होती. मी तिला आमची रीत सांगितली. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाआधी ती कोमट पाण्यानं त्यांचं अंग पुसून घ्यायची आणि पाठ करून उभी राहायची, पूजा होईपर्यंत. तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत मला बरं वाटलेली तेवढी एकच गोष्ट.

तिच्याकडे बघूनच मला सुचलं. घरी आल्यावर मी काशीला म्हटलं, ताट मागून आणायचंच नाही. पूजेच्या पाटाशेजारी आधीच झाकून ठेवायचं. लिंग हातावर असतानाच झाकण काढायचं. बेल तळहातावर दिसतोय तोवर पहिला घास. आणि तसंच झालं. अप्पांनी बेलाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि घास घेतला. काशी माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं जे पक्कं आहे त्याच्या बाजूला आपलं ताट मांडा.

*

मी केमला परतले, आणि आमची एक पद्धत बसली. दस्तगीर म्हणून एक फायरमन होता, मल्लूच्या गल्लीमागं राहणारा. एक दिवसाआड त्याची पॅसेंजर दौंडाकडे जाई आणि संध्याकाळी केमला थांबे. ड्यूटीवर निघताना तो माझ्या माहेरच्या दारावरून जायचा. काशी त्याला उंबऱ्यातूनच सांगायची. मी इकडे कुंपणापाशी उभी. इंजनातून काळं तोंड बाहेर निघायचं आणि ओरडायचं, "आपा, आज खाए!" नाहीतर, "आज नै खाए." बस, एवढंच. आपा म्हणजे त्याच्या बोलीत अक्का, ती मी; खाल्लं की नाही ते अप्पांनी. पण "खाए" ऐकलं की मला त्या रात्री गाढ झोप लागायची, आणि "नै खाए" ऐकलं की मी मुलांवर ओरडायची. मुलंही हुशार झाली. गाडी आली की आधी दस्तगीरचं तोंड बघायची.

परतीला मी त्याच्याजवळ काहीबाही द्यायची. शेंगांची चटणी, खरवस, अप्पांना आवडणारी कडक भाकरी. आणि सोबत सूचना. अंघोळीचं पाणी असं तापव, दार असं लाव, त्यांना असं बोल. पुढच्या खेपेला मी माहेरी गेले तेव्हा काशी चुलीपुढून वळलीच नाही.

"अक्का," ती म्हणाली, "चटनी येतीया, भाकर येतीया, शानपन येतंय. मानूस तेवढं येत न्हाय. एकदा त्येंचं धोतार धुऊन बगा की."

मी धुतलं. ती थांबवेल असं वाटलं होतं. तिनं थांबवलं नाही. धुताना मला राग होता, आणि वाळत घालेपर्यंत तो गेला. ती खरं तेच बोलली होती. लांबून प्रेम करायला फार ताकद लागत नाही. त्यानंतर मी सूचना पाठवणं बंद केलं आणि जमेल तेव्हा आठ दिवस जाऊन राहू लागले, म्हणजे तिला तिच्या माहेरी जाता येई. आमच्या सासूबाई कुरकुरल्या. हे मात्र स्वतः पिठलं करून मुलांना घालत. चांगलं करत नसत, पण करत.

*

तीस सालच्या उन्हाळ्यात सोलापुरात गोळीबार झाला, मग लष्करी कायदा आला. रस्त्यावर गोरे सोजीर, संध्याकाळनंतर बाहेर पडायची चोरी. दस्तगीर आला नाही. दुसरेच लोक इंजनावर. मी कुंपणापाशी उभी राहायची आणि अनोळखी तोंडं बघून आत यायची. अप्पांना लष्करी कायदा कोण समजावणार? ते दुकान उघडायला निघाले तर? हे तारेवरच्या बाबूंना विचारत, पण तारेवर आमच्या अप्पांची चौकशी कशी करणार.

पुष्कळ दिवसांनी दस्तगीर दिसला. इंजनातून चक्क खाली उतरला. "आपा, जीते हैं. अच्छे हैं." आणि मग हसू लागला. काय झालं ते त्यानं सांगितलं आणि नंतर काशीनंही. बाजार बंद, त्यामुळे बेल मिळेना. अप्पा लिंग हातावर घेऊन बेलाची वाट बघत बसलेले, आणि बेल वाहिल्याशिवाय घास नाही. काशीनं डोकं लढवलं. परड्यात घेवड्याचा वेल होता, त्यालाही तीन तीन पानं. तिनं कोवळी बघून खुडली आणि अप्पांच्या हातात दिली. पोटच्या पोराचं नाव न आठवणाऱ्या माणसानं ते पान चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवून दिलं.

"ह्यो घेवडा हाय," म्हणाले. "ह्येची भाजी कर."

त्या दिवशी ते उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी मल्लूनं जीव मुठीत धरून गल्ल्यागल्ल्यांतून मठापर्यंत जाऊन बेल आणला. पुढं कितीतरी दिवस आम्ही घरात यावर हसत होतो. काशी वैतागून म्हणायची, "ह्या पूजेनं मारनार हायत मला मामंजी. सगळं इसरत्यात, एवढं इसरत न्हाईत." मला मात्र त्यात धीर वाटायचा. घेवडा ओळखला म्हणजे आत कुणीतरी बसलेलं आहे. दार वाजवलं तर ओ देणारं आहे. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

*

पाऊसकाळ गेला. दिवाळीच्या आधीची गोष्ट. गाडी आली. दस्तगीरचं तोंड खुललेलं होतं, गाडी थांबायच्या आतच तो ओरडला.

"आपा, आज तो खूब खाए! मांग के खाए. न्हाने के पैले खाए!"

मुलं टाळ्या पिटू लागली. हे कचेरीच्या दारातून बाहेर आले. "ऐकलंस? मागून खाल्लं म्हणे. अगं, उतार पडतोय." मी मान हलवली. दस्तगीरला पाणी दिलं. गाडी गेली.

मग मी तिथंच कुंपणाला धरून खाली बसले. यांना कळेना. "काय झालं? चांगली बातमी आहे ना?"

"अंघोळीच्या आधी खाल्लं," मी म्हटलं.

"मग?"

"पूजेच्याही आधी." यांनी मला हाताला धरून उठवलं. म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जा. मुलांचं मी बघतो."

*

मी पोचले तेव्हा अप्पा ओसरीवर बसले होते. पुढं ताट. भाकरी, शेंगांची चटणी, दही. गालांवर थोडी तुकतुकी आली होती. एक घास गिळायच्या आत दुसरा उचलत होते. अंगावर कालचीच बंडी, कपाळावर भस्म नाही.

काशी लगबगीनं बाहेर आली. तिचा चेहरा इतका मोकळा मी वर्षभरात पाहिला नव्हता. "अक्का, दोन दिस झालं बगा, कायबी तरास न्हाय. उटल्या उटल्या भाकर मागत्यात. वाडलं की खात्यात." ती थांबली. माझ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "म्या पूजेचं इचारलं त्यास्नी. पाट मांडला, बेल ठिवला. त्येनी बगितलंबी न्हाय."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटात अन्न जातंय तोवर तुम्ही जिंकताय. आम्ही जिंकलो होतो. एवढ्यासाठी आम्ही तिघांनी देव पाण्यात घातले होते, एकमेकांना टाकून बोललो होतो, आणि आता ताटं रिकामी होत होती. मला ते ताट उचलून भिरकावून द्यावंसं वाटलं. भुकेल्या म्हाताऱ्याच्या पुढचं ताट, आणि मी त्यांची लेक. असं वाटलं हे मी लिहून ठेवते, कारण आणखी कुणाला असं वाटलं तर तिनं स्वतःला राक्षसीण समजू नये.

मी हात-पाय धुऊन आले. अप्पांच्या शेजारी बसले. त्यांचा उजवा हात ताटात होता, डावा मांडीवर मोकळा. त्यांच्या गळ्यातली डबी मी उघडली. त्यांनी उघडू दिली. लिंग काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आणि त्यांची बोटं मीच हळूच वळवून त्याच्याभोवती धरली. मल्लूही दुकानातून आला होता. तो आणि काशी दारात उभे होते.

अप्पांनी खाणं थांबवलं. तळहाताकडे पाहिलं. अंगठा लिंगावरून एकदा फिरला. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, पालथं करून पाहिलं. मग माझ्याकडे वळून, गिऱ्हाईकाशी बोलावं तसं आदरानं विचारलं,

"बाई, खायाचं हाय का ह्ये?"

"न्हाय अप्पा," मी म्हटलं. "खायाचं न्हाय."

"मग ठिवा तुमच्याजवळ," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर ते ठेवून भाकरी मोडू लागले.